तरंग की सेतू

वाचनालयातल्या वर्तमानपत्राच्या नवव्या पानाला भोक पडलं होतं. कुणीतरी ब्लेडने नीट, पट्टी लावल्यासारखा चौकोन कापून नेला होता. वरचा मथळा तेवढा शिल्लक होता: 'तरंग आणि सेतू एक होणार'. खाली बातमी असायला हवी तिथून अकराव्या पानावरची गाद्यांची जाहिरात दिसत होती, आणि जाहिरातीतला माणूस गालाखाली हात घेऊन शांत झोपला होता. मी चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. कापलेली पानं पाहिली की अजूनही कापणाऱ्याला शोधायला लागतो. पण त्या दिवशी तसं झालं नाही. मी मथळा तीनदा वाचला आणि त्या झोपलेल्या माणसाकडे पाहिलं. तरंगचे शेअर मोटीबेनचे होते. मोटीबेन माझी थोरली बहीण. तीन लाख रुपये, तिच्या यजमानांच्या फंडातले उरलेले, तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले. आणि तरंग घे असं तिला मी सांगितलं होतं.

सांगितलं होतं म्हणजे काय, तीन आठवडे लागले होते मला. मागच्या वर्षी देवदिवाळीनंतर तिने मला बोलावून सांगितलं की बँक आता काही देत नाही, शेअर घ्यायचे, आणि घ्यायचे तर टेलिफोनचेच. तिचे यजमान प्रद्युमनभाई टेलिफोन खात्यात केबल जोडणारे. राजकोटच्या निम्म्या जुन्या तारा जमिनीखाली त्यांच्या हाताने जोडलेल्या. "त्या खात्याचं मीठ खाल्लंय," ती म्हणाली, "दुसऱ्या कशात पैसे घालायला माझं मन घेत नाही. तू वाचतोस ना एवढं, जशु, तू सांग, तरंग की सेतू." त्या वेळी तशा आठ कंपन्या होत्या. एका नव्या कंपनीने सहा महिने सगळं फुकट वाटलं होतं आणि बाकीच्यांचा श्वास कोंडला होता. आठांतल्या तीन-चारच जगतील हे मलाही कळत होतं. पण कुठल्या, हे कोण सांगणार? मी दोनशे पानी वही आणली. डावीकडे तरंग, उजवीकडे सेतू. कुणावर कर्ज किती, कुणाचे टॉवर स्वतःचे आणि कुणाचे भाड्याचे, माणशी महिन्याला कुणाला काय मिळतं. तरंगचं कर्ज कमी होतं. सेतूची खेड्यांत पोच जास्त होती. मग वाटलं, आकडे कंपन्याच छापतात, आपण आपल्या डोळ्यांनी काही पाहिलं का? म्हणून एक दिवस दोन फोन घेऊन एसटीने जसदणला जाऊन आलो, एक माझा, एक शेजाऱ्यांचा मागून घेतलेला. खिडकीशी बसून दर दहा मिनिटांनी दोन्ही फोनांवरच्या सिग्नलच्या रेघा मोजत होतो. आटकोटपाशी तरंगच्या दोन रेघा गेल्या आणि सेतूच्या चारही राहिल्या. येताना नेमकं उलटं झालं. शेजारी बसलेल्या बाईंना मी स्फोट घडवणारा माणूस वाटलो असणार. त्या उठून पुढे जाऊन बसल्या. शेवटी एका संध्याकाळी मोटीबेनकडे गेलो आणि 'तरंग' म्हणालो. इतक्या हळू म्हणालो की तिने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणताना मला वाटत होतं की सेतू म्हणायला हवं होतं. वर्षभर तेच वाटत राहिलं. दात घासताना तरंग आणि पंचे वाळत घालताना सेतू. वही मी कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. ती दिसली की पुन्हा उघडावीशी वाटे.

वाचनालयातून निघून पराग दोमडियाच्या ऑफिसात गेलो. धर्मेंद्र रोडवर पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली, भिंतीवर दोन पडदे, त्यांवर सरकणारे हिरवे-लाल आकडे, आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आमच्यासारखे सहासात म्हातारे. पराग दलाल, चाळिशीचा, सगळ्यांना काका म्हणतो आणि कुणाचंच ऐकत नाही. मी दारातच उभा राहिलो. आत जाऊन पहिला प्रश्न मोठ्याने विचारणं मला आजवर जमलेलं नाही. ग्रंथालयात लोक माझ्याकडे येत, मला कुणाकडे जावं लागत नसे. छोटूभाई सवानींनी मला पाहिलं. हे निवृत्त मामलतदार. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "घ्या वसावडासाहेब, तुमच्यासाठीच ठेवलंय," ते म्हणाले. "वाचनालयात कापलं. तिथे कोण वाचतंय एवढं." तो चौकोन होता. चौतीस वर्षं मी ज्या माणसाला शोधत होतो, तो असा समोर बसून सुपारी कातरत होता. मी कागद घेतला आणि आभार मानले.

बातमीत लिहिलं होतं की शंभर तरंगच्या बदल्यात अडतीस सेतू मिळणार. तरंग हे नाव जाणार, सेतू राहणार. पडद्यावर तरंग काल बासष्ट होता तो एकोणपन्नासवर आला होता आणि अजून लाल होता. सेतू एकशे बारावरून एकशे तीसवर गेला होता. "यात समजण्यासारखं काही नाही, काका," पराग म्हणाला. "दोघांनी लग्न केलं. तरंग सासरी चालली. नाव बदलणार, दागिने सासूकडे." म्हातारे हसले. छोटूभाई म्हणाले, "हुंडा कुणी दिला ते बघा आधी. दोघांवर कर्ज. दोन भुकेली माणसं एका ताटात जेवली म्हणजे भूक कमी होत नाही." कुणीतरी मागून म्हणालं, "पण ताट एक घासायला लागतं ना, खर्च वाचतो." ते सगळं माझ्या वहीत होतं. दोन्ही बाजूंनी होतं. एकत्र झाल्यावर जागोजागचे दोन-दोन टॉवर एक होतील, दुकानं निम्मी होतील, माणसं काढतील, खर्च कमी होईल, म्हणून ठेवावेत. कर्ज मात्र निम्मं होत नाही, त्याची बेरीज होते, आणि फुकट वाटणारा अजून वाटतोच आहे, म्हणून विकावेत. मला दोन्ही पटत होतं. ज्याने बोलावं त्याचं मला पटतं, हा माझा जुना दोष आहे. बायको असताना ती म्हणायची, तुम्हाला भाजीवाल्याचंही पटतं आणि भाजीचंही. पराग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मोटीबेनचं काय करायचं, काका? विकायचं असेल तर आज साडेतीनच्या आत सांगा. उद्या चाळीस असेल की साठ, मी ज्योतिषी नाही." त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं. ते मला क्रूर वाटलं. मी म्हणालो, तिला विचारून सांगतो.

त्या वेळी साडेबारा वाजले होते. मला घाई करायला हवी होती. राजकोटात एक वाजता दुकानांची शटरं पडायला लागतात, आणि एकदा पडली की चारपर्यंत शहर झोपतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुंबईचे व्यापारी हसतात, हसोत. दुपारी कुणाच्या दारावर थाप मारणं म्हणजे घरात कुणीतरी गेल्याची खबर आणणं. फोनही तसाच. मोटीबेन तर एक वाजता फोन पिठाच्या डब्यावर ठेवून, पंखा तीनवर करून आडवी होते, आणि चारपर्यंत देवासाठीही उठत नाही. मुंबईचा बाजार तेवढा झोपत नाही. तो साडेतीनला बंद होतो. म्हणजे आमच्या गावच्या झोपेतच त्याचा दिवस संपतो. रिक्षा मिळाली नाही. रिक्षावालेही जेवायला निघाले होते. चालत गेलो, जागनाथच्या मागच्या गल्लीपर्यंत, आणि तिच्या ओट्यावर पोहोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दार बंद होतं. आतून पंख्याचा आवाज येत होता. बेलचं बटण पांढरं होतं, मधोमध बोटांनी पिवळं पडलेलं. मी बोट तिथवर नेलं.

बोट तिथेच राहिलं. बेल वाजवून काय सांगणार होतो? मोटीबेन, तुझे गुडघे मी आटकोटपाशी रेघा मोजून घालवले? आणि विकायचं म्हणालो आणि उद्या भाव चढला तर? ठेवायचं म्हणालो आणि पडला तर? ओट्यावर चप्पल काढून बसलो. ऊन पायांपर्यंत आलं होतं. समोरच्या घरातून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येत होता, सावकाश, वल्ही मारल्यासारखा. मला झोप येत नाही. बायको गेल्यापासून दुपारी तर मुळीच नाही. गाव झोपतं आणि मी जागा राहतो, जसा ग्रंथालय बंद झाल्यावर कुलपं तपासत राहायचो. पूर्वी माझं टेबल होतं, त्यावर लोक पुस्तकं आणून ठेवत आणि मी शिक्का मारत असे. कुठलं पुस्तक चांगलं असं मला कुणी विचारलं की मी दोन नावं सांगायचो, नेहमी दोन. एकच सांगायला लागू नये म्हणून. आयुष्यात एकच नाव सांगायची वेळ फार थोडी आली, आणि प्रत्येक वेळी चुकलो. तरंग दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळी कालावड रोडचा प्लॉट.

तो प्लॉट मला अजून दिसतो. तिथे आता दागिन्यांचं तीन मजली दुकान आहे, तरीही मला तो बोडकाच दिसतो, गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभळ, आणि एक पांढरा दगड. प्रद्युमनभाई मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले होते. एकोणीसशे ब्याऐंशी असेल. हेडक्वार्टरच्या एका साहेबांचा होता, स्वस्तात देत होते. "बोल जशु, तू शिकलेला. घ्यावा का?" मी चारी बाजूंना पाहिलं. लांबवर एक शेळी होती. मी म्हणालो, इकडे गाव येणार नाही. दोन शब्द जास्तही बोललो असेन, पाण्याचं वगैरे. प्रद्युमनभाईंनी मान हलवली, स्कूटरला किक मारली आणि येताना आम्हाला उसाचा रस पाजला. गाव तिकडेच गेलं. जाऊन पुढेही गेलं. नंतर कितीदा त्या रस्त्याने आम्ही एकत्र गेलो, लग्नांना, स्मशानात, आणि प्रत्येक वेळी ती जागा आली की प्रद्युमनभाई काहीतरी वेगळंच बोलत, पावसाचं, पोस्टाच्या व्याजाचं. एकदाही त्यांनी तिकडे बोट दाखवलं नाही. त्यांचं ते न बोलणं मी छत्तीस वर्षं ऐकतो आहे. ते गेले त्या दिवशीही त्यांना खांदा देताना मला तेच ऐकू येत होतं. आणि हे माहीत असूनही मोटीबेनने पुन्हा मलाच विचारलं. का विचारलं असेल? तिला दुसरं कोण होतं, हे खरं. पण माणूस चुकलेल्या तराजूवर पुन्हा सोनं घालतो का?

घड्याळ पाहिलं तर दोन वाजून वीस मिनिटं. फोनवर परागची दोन अक्षरं आली होती: 'काय?' मी फोन उलटा करून ठेवला. मग पुन्हा सुलटा केला. तरंग सत्तेचाळीस होता. मनात शेअरचा आकडा बाजूला सरकून मोटीबेनचे गुडघे येत होते, पायरी चढताना ती कठड्याला धरून जो एक क्षण थांबते तो क्षण. आमचे वडील तिच्या सासरी पाणीसुद्धा घेत नसत. मुलीच्या घरचं काही घ्यायचं नाही, तिथल्या कशात डोकवायचं नाही. मी चहा घेतो, एवढा मी पुढारलेला. पण तिच्या घरचा एखादा कागद समोर पडलेला असला तरी मी मान वळवतो. शेअर घेतल्याची चिठ्ठी आली तेव्हाही ती माझ्यासमोर धरून म्हणाली होती, बघ तरी. मी म्हणालो, त्यात काय बघायचं. सभ्यपणा म्हणून म्हणालो की भीतीने, हे आता ओट्यावर बसून मला ठरवता येईना. ऊन गुडघ्यांवर आलं. मी पाय दुमडले. बेल अजून हाताच्या अंतरावर होती. उठून एक पाऊल. पावणेतीनला वाजवीन, असं ठरवलं. पावणेतीन झाले. तीनला.

तीनला कडी वाजली, आतून. दार उघडलं आणि मोटीबेन दाराला धरून उभी होती, पांढऱ्या साडीत, केस सुटे, चष्मा डोक्यावर. चेहऱ्यावर झोपेचा मागमूस नव्हता.

"दोन तास झाले," ती म्हणाली. "खिडकीतून बघतेय. म्हटलं, बघू तरी हा बेल वाजवतो का. हरले मी."

"झोपमोड झाली असती तुझी."

"तू बाहेर घुबडासारखा बसल्यावर कोण झोपतंय. ये आत, पाय भाजून घेतलेस. परागने साडेबारालाच फोन केला होता. म्हणाला, काका निघालेत, चेहरा बघवत नाही, जरा सांभाळून घ्या."

मी आत गेलो. तिने माठातलं पाणी दिलं आणि मी ते प्यायलो, उभ्यानेच. मग मी बोलायला लागलो. इतकं सलग मी बरेच दिवसांत बोललो नव्हतो. अडतीस आणि शंभर, कर्ज, टॉवर, सत्तेचाळीस, साडेतीन वाजायला उरलेली मिनिटं. ती झोपाळ्यावर बसून एका पायाने तो हलवत होती. मध्येच उठली, कठड्याला धरतात तशी माझ्या खांद्याला धरून, कपाटापर्यंत गेली आणि एक कागद आणून माझ्या हातात दिला. मी सवयीने मान वळवली.

"आज वळवू नकोस," ती म्हणाली. "वाच. वाचणं तर तुझं काम."

कागदावर दोन ओळी होत्या. तरंग, दीड लाखाचे. सेतू, दीड लाखाचे. तारीख एकच.

"मी तरंग म्हणालो होतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच तक्रारीचा वाटला.

"म्हणालास. आणि म्हणताना दाराकडे बघत होतास. मला कळलं, हा घरी जाऊन सेतू म्हणत बसणार. मग म्हटलं, अर्धे याचे, अर्धे त्याचे. मी भाजीही दोघींकडून घेते, ठाऊक आहे ना तुला? वांगी एकीकडून, टोमॅटो दुसरीकडून. गाठिया पण दोन दुकानांतून. कुणाचं मन मोडायला नको, आणि एकीचं खराब निघालं तर दुसरीचं असतं. परागला सांगून ठेवलं होतं, जशुला बोललास तर खातं दुसरीकडे नेईन." ती हसली. "परागकडून भाव घेऊन हिशोब केला मी मगाशी. तरंगचे उतरले, सेतूचे चढले. मिळून दोन महिन्यांच्या भाजीचे गेले. गुडघे जागेवर आहेत."

परागच्या चेहऱ्यावरचं हसू मला आठवलं. मी खुर्चीवर बसलो. काहीतरी हलकं झालं होतं. आणि त्या हलकेपणाच्या खाली एक बारीक टोचणीही होती, ती नाकारत नाही. दोनशे पानांची वही, जसदणची एसटी, वर्षभराची दुपार. आणि ती दोन ओळींत सगळं मिटवून बसली होती. ज्या दोघांत मी निवड करत मरत होतो ते दोघे आता एकच होणार होते. माझं उत्तर चूकही नव्हतं आणि बरोबरही. प्रश्नच उरला नव्हता.

"मग मला विचारलंस कशाला?" मी म्हणालो.

"तू येत नव्हतास म्हणून. वहिनी गेल्यावर महिनाभर फिरकला नाहीस. शेअरचं विचारल्यावर तीन आठवडे रोज आलास. रोज जेवलास." मग झोपाळा थांबवून ती म्हणाली, "आणि प्लॉटच्या वेळी तरी यांनी तुला का विचारलं असं वाटतं तुला?"

मी तिच्याकडे पाहिलं. हा विषय या घरात छत्तीस वर्षांत निघाला नव्हता.

"यांना तिकडे जायचंच नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंज घरापासून दहा मिनिटांत हवं असायचं. पण साहेब मागे लागलेले, नाही कसं म्हणणार? मला म्हणाले, जशुला घेऊन जातो, तो नको म्हणेल, मग साहेबांना सांगता येईल, मेहुणा शिकलेला आहे, तो नको म्हणतो. तू नको म्हणालास. घरी येऊन केवढे खूष. तुला रस पाजला की नाही?"

"पाजला."

"दोन ग्लास?"

"दोन," मी म्हणालो. खरंच दोन होते. दुसरा मी नको म्हणत असताना त्यांनी घेतला होता.

"मग तिकडून जाताना ते कधी काही बोलले का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलणार? तुला वापरलं म्हणून? लाज वाटायची त्यांना. तिथे जमिनीला सोन्याचा भाव आला तशी जास्तच वाटायला लागली. म्हणायचे, जशुला वाटत असेल आपण फसवलं त्याला."

प्रद्युमनभाई आणि मी त्या जागेवरून जाताना पावसाचं बोलत होतो, ते त्यांची लाज झाकायला आणि मी माझी, असं काहीसं असेल. मला हसू आलं. मोटीबेनने माझ्याकडे पाहिलं नाही. ती उठली, आतून सतरंजी आणि उशी आणली, पंख्याखाली घातली.

"ठेवायचे की विकायचे ते सांग पण," मी म्हणालो. "पंधरा मिनिटं आहेत."

"आता दोन्ही एकच होणार ना? मग कुणाला विकून कुणाचं ठेवू? एक व्हायला अजून सहा महिने लागतील असं पराग म्हणाला. तू सहा महिने विचार कर. रोज येऊन कर. आत्ता झोप."

मी म्हणालो की मला दुपारी झोप येत नाही. ती म्हणाली, ते इथे चालत नाही. खिशात फोन थरथरला. परागच असणार. मी तो न पाहता उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्यावर, तिच्या फोनशेजारी, ठेवून आलो. दोन्ही फोनांच्या कोपऱ्यात दोन वेगळी नावं होती, तरंग आणि सेतू, अजून सहा महिने. आडवा झालो. गालाखाली हात घेतला, तसा मी कधी घेत नाही. समोरच्या घरातलं घोरणं अजून चालू होतं, वल्ही मारल्यासारखं, आणि मी त्याची लय मोजायला लागलो, आटकोटच्या रेघा मोजल्या तशा. एक, दोन. तीनपर्यंत मोजल्याचं आठवतं.

जाग आली तेव्हा सव्वापाच झाले होते. गल्लीतली शटरं कधीच उघडली होती, बाजार कधीच बंद झाला होता. मोटीबेन चहात आलं किसत होती आणि दोन पुड्यांतले गाठिया एकाच ताटलीत ओतत होती.